बेसमेंटमधली उदबत्ती

आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत, आणि वरचं नुसतं दाखवायचं आहे. मिशिगनमधल्या ह्या नोव्हायमध्ये निम्म्या मराठी घरांत हीच तऱ्हा, त्यामुळे इथल्या कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वर चहा, टोस्ट, फार तर वरणभाताचा कुकर. फोडणी, तळण, सुकट, ठेचा, सगळं खाली बेसमेंटमध्ये. हिवाळ्यात इथे खिडक्या उघडत नाहीत आणि लसणाची फोडणी वर दिली की तो वास कोटांच्या कपाटात जाऊन बसतो. मुलगी शाळेत होती तेव्हा एकदा रडत घरी आली. तिच्या जॅकेटला वास येतो असं वर्गात कुणीतरी म्हणालं होतं. त्या उन्हाळ्यात ह्यांनी खाली ओटा बांधला, शेगडी बसवली आणि शेगडीच्या डोक्यावर पंखा लावला.

पंखा म्हणजे चांगला हॉटेलातला. कुणाचं तरी हॉटेल बंद होत होतं, तिथून उचलून आणला. तो चालू केला की मिरचीचा ठसका नाकापर्यंत यायच्या आत बाहेर जायचा. आणि जिन्याचं उघडं दार आपोआप धाडकन लागायचं. पाहुणे आले की हे मुद्दाम ते करून दाखवायचे. 'बघा, काय खेचतो,' म्हणायचे. पाहुणे माना डोलवायचे, आणि मी पुऱ्या तळायचे.

'हे' म्हणजे माझा नवरा. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, पण 'अहो'च्या पुढे माझी गाडी गेलेली नाही, आता जाणारही नाही. मोटारींच्या कंपनीत ते इंजिनियर होते, आणि त्यांचं काम एग्झॉस्टचं. गाडीचा धूर मागच्या पाइपातून नीट बाहेर कसा पडेल, आवाज कमी कसा होईल, ह्या एका गोष्टीत त्या माणसाने सगळी नोकरी काढली. जेवतानासुद्धा हातातली पोळी गुंडाळून मला पाइपातले झोत समजावून सांगायचे. मी ऐकायचे, कारण नाही ऐकलं तर पोळी गार व्हायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलं टेबल, पाने, पकडी, रेडिओ, सगळं फर्नेसच्या खोलीत मांडलं. फर्नेस म्हणजे घर गरम करायचं यंत्र, कपाटाएवढं. आत गॅस जळतो, गरम हवा घरभर फिरते आणि जळलेल्या गॅसचा धूर पत्र्याच्या पाइपातून चिमणीत जातो. शेजारी पाणी तापवायची टाकी, तिचाही पाइप त्याच चिमणीत. टाकीच्या डोक्यावर, पाइप सुरू व्हायच्या आधी, चारी बाजूंनी उघडी फट असते. मला ती नेहमी बसवणाऱ्याची चूक वाटायची. आणि त्याच खोलीत भिंतीतून एक जाडा पाइप येतो, बाहेरून सरळ आत, आणि जमिनीजवळ तोंड उघडं टाकून थांबतो. त्यातून जानेवारीत जी हवा पडते ती अंगाला चावते.

ती हवा दाराखालून थेट माझ्या ओट्यापाशी यायची. माझे पाय बारा महिने गार. नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई मी, मला दोन मोज्यांवर स्लीपर घालूनसुद्धा भागत नाही. मी कुरकुर करायचे, आणि मी कुरकुर करते तेव्हा ती घरभर ऐकू जाते. ह्यांना घरीच बसायला लागून थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी म्हणाले, 'एखादी जुनी गोधडी दे.' मी लुगड्यांची एक विरलेली गोधडी दिली. ती त्यांनी गच्च गुंडाळून पाइपाच्या तोंडात कोंबली, वर टेप मारली आणि म्हणाले, 'आता तुझे पाय गार पडायचे नाहीत.' आणि खरंच पडले नाहीत. मी त्या दिवशी त्यांना शिरा करून घातला.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. धुराचा भोंगा. इथे घराघरात छताला तो असतो आणि आपल्या फोडणीशी त्याचं हाडवैर. जिरं तडतडलं की हा बोंबलतो. त्यावर आपल्या लोकांचा एक उपाय आहे, तो मला कुणी शिकवला आठवत नाही, पण सगळ्याजणी करतात. हॉटेलात आंघोळीला प्लास्टिकची टोपी मिळते ती भोंग्याला घालायची. तळण झालं की काढायची. आमच्या बेसमेंटमध्ये रोजच तळण, रोजच फोडणी, म्हणून तिथली टोपी कुणी काढलीच नाही. तो भोंगा नुसत्या धुराचा नव्हता, विषारी वायूचासुद्धा होता. हे त्याच्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, टोपीच्या आत.

त्या हिवाळ्यात ह्यांचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नंबर काढून आणला. माझंही दुखायचं, पण मी ते पित्तावर ढकललं आणि सुंठेचा लेप लावून मोकळी झाले. मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. पक्कड आणायला वर जायचे आणि पाण्याचा ग्लास घेऊन खाली यायचे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात एकच किस्सा एकाच माणसाला लागोपाठ सांगितला. त्या माणसाने दोन्ही वेळा हसून दाखवलं, ते मला जास्त लागलं. उन्हाळ्यात जरा बरं वाटलं. सगळे म्हणाले, ऊन मिळालं, चालणं झालं, म्हणून. थंडी आली आणि परत तेच, जरा जास्तच. दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायचे, उठवलं की माझ्याकडे बघत राहायचे.

'निवृत्तीनंतर असं होतं पुरुषांचं,' मंडळातल्या बायका म्हणायच्या. 'कशात तरी गुंतवा त्यांना.' अहो, गुंतवा काय, माणूस दिवसभर पाने आणि स्क्रू घेऊन बसलेला असायचा.

थँक्सगिव्हिंगला मुलगी आली, टेक्सासातल्या फ्रिस्कोहून. ती फिजिकल थेरपिस्ट आहे, म्हणजे आमच्या घरात अर्धी डॉक्टर. इथेच जन्मली, मराठी बोलते पण महत्त्वाचं काही आलं की इंग्रजीत जाते. बापलेक गाडी घेऊन देशी दुकानात गेले, कोथिंबीर आणायला. परत आले तेव्हा गाडी ती चालवत होती.

मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, 'आई, ग्रीन सिग्नल होता आणि बाबा थांबले. नुसते बसून राहिले. मागचे हॉर्न मारत होते आणि ही वॉज जस्ट सिटिंग देअर.'

'थकले असतील,' मी म्हटलं.

'आई, स्टॉप. ही इज नॉट ओके. तुला दिसतंय ना?'

दिसत होतं. तिने फेब्रुवारीतली अपॉइंटमेंट घेतली, स्मरणशक्तीच्या डॉक्टरची. घर विकायचं आणि तिच्याजवळ एकमजली घर घ्यायचं हेही बोलून झालं. टेक्सासात बेसमेंट नसतं, हेसुद्धा तिने मला फायदा म्हणून सांगितलं. आणि जाताना गाडीच्या दोन्ही किल्ल्या घेऊन गेली. घरात ठेवल्या तर बाबा शोधून काढतील, म्हणाली. मला गाडी येत नाही. एकदा शिकायला गेले होते, शिकवणाराच घाबरला, तिथेच तो विषय संपला. किराणा आता फोनवरून येईल, तिने सगळं लावून दिलं.

ह्यांनी किल्ल्या देताना वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं. नंतर कितीतरी दिवस कोट घातला की हात खिशात जायचा आणि तिथेच राहायचा.

मी त्या दिवसांत सगळ्यांवर चिडायचे. मुलीवर, किराणा आणून टाकणाऱ्यावर, रेडिओवर, आणि सगळ्यात जास्त ह्यांच्यावर. 'आत्ताच सांगितलं ना,' म्हणून अंगावर जायचे. खरं म्हणजे मी घाबरले होते. फेब्रुवारीत कुणीतरी परका माणूस खुर्चीत बसून सांगणार होता की माझ्या नवऱ्याचं डोकं राहिलं आहे की गेलं आहे. आणि काय सांगणार ते आम्हा तिघांनाही माहीत आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी गुळाच्या पोळ्या करत होते. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू, बऱ्याच बायका येणार होत्या, म्हणून दुपारपासून ओट्याशी उभी. गुळाची पोळी फुटली की तव्यावर गूळ जळतो, म्हणून पंखा दुपारपासून चालू. दिवेलागण झाली. दिवेलागणीला उदबत्ती घेऊन मी सगळ्या खोल्यांतून फिरते. आमच्या माहेरी ते डासांसाठी होतं की देवासाठी, कधी कळलं नाही. मिशिगनमध्ये जानेवारीत डास नाहीत, पण हाताला वळण पडलं ते पडलं. एरवी ह्या वेळेपर्यंत माझा स्वयंपाक आटपलेला असतो आणि पंखा बंद असतो. त्या दिवशी आटपला नव्हता. तव्यावर पोळी टाकली, गॅस बारीक केला आणि उदबत्ती लावून फर्नेसच्या खोलीत गेले.

हे टेबलाशी बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि समोर काहीच नाही. मी त्यांच्याभोवती उदबत्ती फिरवली, फर्नेसला दाखवली, मग टाकीला. टाकीच्या डोक्यावरच्या त्या फटीपाशी हात गेला आणि धूर सणकन माझ्या तोंडावर आला. मला ठसका लागला. परत धरली, परत तोंडावर. फुंकर मारावी तसा.

'अहो,' मी म्हटलं, 'ही टाकी फुंकतेय बघा.'

त्यांनी मान वर केली. उठले. माझ्या हातातली उदबत्ती घेतली आणि फटीपाशी धरली. धूर बाहेर आला. फर्नेसच्या पाइपापाशी धरली, तिथेही तसंच.

'पंखा बंद कर,' म्हणाले.

मी केला. जिन्याचं दार जरासं सैल झालं. धूर क्षणभर घुटमळला आणि मग गुपचूप फटीत, वर, पाइपात निघून गेला.

'चालू कर.'

धूर परत बाहेर.

'बंद.'

त्यांचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला म्हणून सांगू. ऑफिसातून फोन आला की ह्या आवाजात बोलायचे, समोरच्याने आधीच ऐकून ठेवलेलं असावं अशा. मी दारात उभी, बटणावर हात ठेवून, आणि मला रडू येत होतं ते धुराने असं म्हणायची सोय होती.

'पंखा घरातली हवा बाहेर फेकतोय,' ते म्हणाले. 'तेवढीच हवा कुठून तरी आत यायला पाहिजे. खिडक्या बंद. दारं बंद. ह्या जळणाला हवा मिळावी म्हणून तो पाइप ठेवलेला होता, तो आपण बुजवला. मग हवा चिमणीतून खाली येते. आणि सगळा धूर घेऊन येते. वास नाही, रंग नाही. आपण तो खातोय.'

'कधीपासून?'

त्यांनी गोधडीकडे पाहिलं. 'तुझे पाय गार पडायचे बंद झाले तेव्हापासून.'

मग त्यांनी टेप ओढली, गोधडी उपसून जमिनीवर टाकली, फर्नेस बंद केली, टाकी बंद केली. सगळं एका ओळीत, एकदाही न अडखळता. 'कोट घाल. बाहेर चल.'

'तव्यावर पोळी आहे.'

'जाऊ दे पोळी.' शेगडी त्यांनीच बंद केली. जाता जाता हात वर करून भोंग्याची टोपी ओढून काढली. आम्ही जिना चढून दारापर्यंत पोचलो नाही तोच तो खाली बोंबलायला लागला.

बाहेर बर्फ गुडघ्याएवढा. एरवी असं काही झालं तर माणसं गाडीत जाऊन बसतात. आमची गाडी गॅरेजमध्ये होती आणि किल्ल्या फ्रिस्कोला. समोरच्या घरात पुण्याची एक मुलगी राहते, आयटीतली, नवरा आणि ती दोघंही व्हिसावर. तिने खिडकीतून पाहिलं आणि चपलांवरच धावत आली. 'काका, काकू, आत चला ना. यार, काय थंडी आहे. झालं काय पण?' तिच्या सोफ्यावर बसून ह्यांनीच फायर ब्रिगेडला फोन केला. पत्ता, कुठल्या खोलीत काय आहे, कुठली झडप बंद केली, सगळं स्वच्छ सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डोकं दुखत होतं आणि मला एखाद्या लग्नात बसल्यासारखं वाटत होतं.

फायर ब्रिगेडची माणसं मीटर घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर येऊन सगळी दारंखिडक्या उघडायला लागली. आम्हाला रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं, तोंडावर प्राणवायूचा मास्क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा वायू रक्तात शिरून बसतो. डोकेदुखी, विसरणं, बधिरपणा, हे सगळं त्याने होतं. पुष्कळसं भरून निघेल. सगळं निघेल का, ते बघावं लागेल. हे शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुलगी मिळेल त्या विमानाने आली. फर्नेसच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि जमिनीवरच्या गोधडीकडे बघत बसली. मग बापाच्या गळ्यात पडली. 'बाबा, आय थॉट...' एवढंच म्हणाली. 'मलाही तसंच वाटत होतं,' हे म्हणाले, आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

पुढचे काही दिवस आमच्याकडे लग्नघरासारखी धावपळ. विजेच्या शेगड्यांवर हात शेकत आम्ही राहायचो आणि खाली नवीन फर्नेस बसत होती. बसवायला आलेला माणूस मोठा गप्पिष्ट, आणि ह्यांना असाच कुणीतरी हवा होता. दोघं बेसमेंटमध्ये भांडायचे आणि वर येऊन चहा प्यायचे. नवी फर्नेस घरातल्या हवेला हातच लावत नाही. जळायला लागणारी हवा एका पाइपातून बाहेरूनच ओढते, आणि धूर दुसऱ्या पाइपातून बाहेर सोडते. घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर काढले. ते जमिनीपासून किती उंच हवेत ह्यावर वाद. नियमात बसेल तेवढे उंच त्या माणसाने धरले होते. हे म्हणाले, आमच्या ह्या कोपऱ्यात वारा बर्फ आणून ढीग करतो, अजून वर घ्या. घेतले. आत पाइपाला फर्नेसकडे थोडा उतार हवा, म्हणजे त्यात जमणारं पाणी मागे येऊन नाल्यात जातं. तो उतार ह्यांनी स्वतः पाणसळ लावून पाहिला. पाणी तापवायची टाकी जुनीच राहिली. पण आता चिमणीत ती एकटी, आणि एकटीला ती चिमणी फार रुंद आणि फार गार, धूर वर चढणार नाही, म्हणून तिच्यात अरुंद नळी सोडली. हॉटेलातला पंखा काढून लहान लावला. त्याच्या जोडीला भिंतीत एक झडप, पंखा चालू झाला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत घेते. जमिनीजवळचा पाइप परत उघडा. शहराचा तपासनीस येऊन सगळं पाहून गेला. प्रत्येक मजल्यावर भोंगा, आणि टोपी घालायची नाही. आता मी जिरं टाकलं की तो बोंबलतो आणि मी त्याला नागपुरी शिव्या देते.

पाय परत गार पडतात. गोधडी मी कचऱ्यात टाकायला काढली होती. हे म्हणाले, 'धुऊन दे.' आता ती ओट्यापाशी जमिनीवर असते, माझ्या पायांखाली.

फेब्रुवारीत त्या डॉक्टरांकडे गेलो. आता ठरलं होतं म्हणून जायचं. ह्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, शंभरातून सात सात वजा करत गेले, वर डॉक्टरांना त्यांच्या खोलीतल्या हवेच्या झरोक्यावर दोन शब्द ऐकवले. डॉक्टर हसले, वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. पुढच्याच आठवड्यात फ्रिस्कोहून पाकीट आलं, आत फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन किल्ल्या. चिठ्ठी नव्हती. हे किल्ल्या खिशात टाकून सबंध दिवस घरात हिंडले, कोट घालून.

आणि मग मंडळात ही गोष्ट पसरली. ज्याच्या त्याच्या घरात बेसमेंट, शेगडी, मोठा पंखा, टोपी घातलेला भोंगा. फोन यायला लागले. 'काका, जरा आमचं बघाल का?' हे उदबत्तीचा पुडा घेऊन जायचे. आधी सगळी दारंखिडक्या लावायची, मग कपडे वाळवायचं यंत्र चालू, कारण तेही घरातली हवा बाहेर फेकतं, पंखे चालू, आणि मग टाकीच्या फटीपाशी उदबत्ती. लोक गोल करून उभे राहायचे. धूर आत गेला की कुणीतरी हमखास हात जोडायचं. 'अहो, देव नाही, ड्राफ्ट आहे, चिमणीची ओढ,' हे म्हणायचे, पण खूश असायचे. दोन घरांत धूर उलटा आला, तिथे त्यांनी लगेच माणसं बाहेर काढली आणि गॅस बंद करायला लावला. उदबत्तीवाले काका, असं नावच पडलं. मी मागून डबा घेऊन असायचे आणि दिमाखात चालायचे, खोटं कशाला बोलू. आमच्या ह्यांना काही झालं नव्हतं. पाइपाला झालं होतं.

हे सगळं सांगण्याचं कारण ह्या वर्षीचा डिसेंबर.

असंच एका घरची फर्नेस बघून आम्ही परत येत होतो. दुपार, स्वच्छ ऊन, रस्त्याच्या कडेला बर्फ. हे गाडी चालवत होते, त्या घरातल्या पाइपाचा उतार चुकलाय म्हणून सांगत होते. आमच्या वस्तीचं वळण आलं आणि गाडी सरळ गेली. बोलण्याच्या नादात, मी मनात म्हटलं. पुढचंही वळण गेलं. मग त्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात चाकावर.

'आपलं घर,' म्हणाले, 'कुठल्या बाजूला?'

'मागे राहिलं,' मी म्हटलं. 'पुढून वळवा, मी सांगते.'

'हो, हो.' त्यांनी वळवली. मी सांगत गेले, ते नीट चालवत गेले. उतरल्यावर आत यायच्या आधी, नेहमीसारखं फावडं घेऊन बाजूच्या भिंतीकडे गेले आणि पांढऱ्या पाइपांभोवतीचा बर्फ दूर केला. ते काम त्यांनी अजून एकदाही चुकवलेलं नाही.

मी तशीच बेसमेंटमध्ये उतरले, कोटसुद्धा काढला नाही. दारं लावली. पंखा चालू केला. कपड्यांचं यंत्र रिकामंच चालू केलं. भोंग्याचं बटण दाबून पाहिलं, तो ठणठणीत होता. मग उदबत्ती लावून फर्नेसच्या खोलीत गेले आणि टाकीच्या फटीपाशी धरली.

धूर सरळ आत गेला. मी जवळ नेली, लांब नेली, दुसऱ्या बाजूने धरली. आत गेला. मी उभी राहिले. एकदा तरी उलटा ये, माझ्या तोंडावर ये, एवढंच मला हवं होतं. माहेरच्या देवाला मी आयुष्यात काही मागितलं नसेल इतकं त्या टाकीला मागितलं. राख बोटांवर पडली तरी धूर आपला आतच जात राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. हे दारात येऊन थांबले. सगळं पाहिलं, पंखा, यंत्र, लावलेली दारं, माझा हात.

'उलटा येतोय का?' त्यांनी विचारलं. माझ्यासारख्याच आशेने विचारलं.

'नाही,' मी म्हटलं. 'नीट जातोय.'

'हं.'

त्यांनी पुढे होऊन पंखा बंद केला. मग खिशातून किल्ल्या काढल्या, दोन्ही, आणि ओट्यावर तव्याशेजारी ठेवल्या.

'मला गाडी कुठे येते,' मी म्हटलं.

'माहीत आहे,' ते म्हणाले. 'तरी तुझ्याकडे ठेव.'